पोराचं गाव

आमच्या गावाला नावं ठेवायचा हक्क फक्त आम्हा गावकऱ्यांना आहे. बाहेरच्या कुणी ठेवली की माझं डोकं फिरतं. तालुक्याचं गाव, नदीकाठचं. एक पेठ, एक थेटर, एक हायस्कूल, आणि जरा अरुंद पण आमच्या मते पुरेसा एक पूल. माझी बायको पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा गावी आली तेव्हा पेठेतून चालता चालता तिने सहज विचारलं, "अरे, संपलं का गाव?" परतीच्या प्रवासात सातारा येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नव्हतो.

पुढे नोकरीने आम्हाला सिंगापूरला आणून टाकलं. रॅफल्स प्लेसला बँकेत कॉम्प्युटरचं काम आणि राहायला बुकित बातोकमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. आलो तेव्हा मुलगा रांगत होता. बघता बघता तो इथल्या शाळेत जायला लागला, आणि आम्ही मराठीत विचारायचं, त्याने इथल्या इंग्रजीत "कॅन लाह" म्हणून उत्तर द्यायचं, अशी घरातली रीत पडली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नसे. मराठी त्याला समजत होती, वेळ पडली की बोलताही येत होती. वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. या पोराला गाव नव्हतं.

मराठी माणूस भेटला की नाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "गाव कोणतं?" सध्या राहता कुठे, असा त्याचा अर्थ नसतो. तुम्ही मुळात कुठले, तुम्हाला लहानपणी कान धरून कुणी घरी आणलं, हे त्याला हवं असतं. मी मुलाला माझ्या गावाचं नाव पढवून ठेवलं होतं. कुणी विचारलं की तो ते बिनचूक सांगायचा, पण पासवर्ड सांगावा तसं.

तो पाचवीत असताना शाळेच्या लायब्ररीतून त्याने एक पुस्तक आणलं. अमेरिकेतल्या छोट्या गावांमधल्या मुलांच्या जुन्या गोष्टी. दोन पानं वाचून त्याने ते सोफ्यावर टाकलं. "सो बोरिंग, नथिंग हॅपन वन." पुस्तक असं पालथं पडलेलं मला बघवत नाही, म्हणून मी ते ऑफिसच्या बॅगेत घातलं आणि सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उघडलं.

रॅफल्स प्लेस कधी आलं आणि गेलं ते मला कळलं नाही. त्या पुस्तकात नदी होती, नदीवर जायला बंदी होती, आणि बंदी होती म्हणूनच रोज जाणारी पोरं होती. न्हाव्याच्या दुकानात केस न कापता दिवसभर बसणारी मंडळी होती. एक कुत्रं होतं, ते कुणाचंच नव्हतं आणि सगळ्या गल्लीचं होतं. लिहिणारे अमेरिकेचे, कधीच वारलेले. पण त्यांना आमची पेठ कुणी दाखवली? गाडीत उभ्या उभ्या मला इतका अभिमान वाटला, की शेजारच्या अनोळखी चिनी आजोबांना सांगावंसं वाटलं, अहो, हे आमचं गाव आहे.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. शहरातून नवीन आलेला एक मुलगा गावातल्या मुलाशी पैज लावतो की मी कुणाच्याही बागेतलं एक सफरचंद चोरीन आणि कुणालाही कळणार नाही. तो चोरतो, मागच्या बोळांतून, कुंपणांखालून लपतछपत घरी येतो. दारात त्याची आई हात पुढे करून उभी असते. म्हणते, दे ते सफरचंद. बस्स, एवढीच गोष्ट.

आमच्या मराठी मंडळींची दर गणपतीत मुलांसाठी कथाकथन स्पर्धा असते. मी ठरवलं की या वर्षी आपल्या पोराने हीच गोष्ट सांगायची, मराठीतून. तेवढ्या निमित्ताने तरी गाव त्याच्या अंगात भिनेल, अशी माझी आशा होती. मी भाषांतराला बसलो आणि हात आवरेना. सफरचंदाचा पेरू झाला. चर्चच्या जागी मारुतीचं देऊळ आलं, स्टेशनचं एस.टी. स्टँड झालं, आणि न्हाव्याच्या दुकानातले रिकामटेकडे उठून वडाच्या पारावर जाऊन बसले. प्रत्येकाला मी काका, मामा, मावशी करून टाकलं. बायकोने वाचून विचारलं, "अरे, यात अमेरिकेचं ठेवलंस काय?"

"पोरगं आणि चोरी," मी म्हणालो.

मग सुरू झालं पाठांतर. स्पर्धा म्हटली की मराठी बाप मुलाला मोकळं सोडत नाही. "नदी" म्हणताना हात असा, "पेरू" म्हणताना डोळे मोठे, "आई" म्हणताना एक क्षण थांबायचं, हे सगळं मी बसवून घेतलं. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, इथे तिला व्हॉइड डेक म्हणतात, रोज संध्याकाळी आमची तालीम चालायची. दगडी टेबलांवर पट मांडून बसलेले म्हातारे आमच्याकडे बघत बसायचे.

"बाबा, पार म्हणजे काय?"

"वडाच्या झाडाभोवतीचा कट्टा. तिथे म्हातारे बसतात, खेळतात, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघतात."

त्याने टेबलांकडे बोट केलं. "लाइक धिस, लाह."

"छे रे," मी म्हणालो. "त्याला वड लागतो."

शेवटच्या आठवड्यात त्याला खोकला झाला. बायकोने बर्फ बंद केला. एका संध्याकाळी ती भाजी घेऊन आली ती तणतणतच. खालच्या कॉफीशॉपमध्ये पेयांच्या गाळ्यावर एक चिनी आंटी असते. तिने बायकोला हाक मारून थांबवलं होतं आणि सांगितलं होतं, "युअर बॉय आह, कफिंग कफिंग, स्टिल ड्रिंक आइस बार्ली." मुलगा लिफ्टने वर पोचायच्या आधी आई दारात उभी होती. मीही माझ्या परीने ओरडून घेतलं. गोष्टीतल्या प्रसंगाशी याचा काही संबंध आहे, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

स्पर्धा सेरंगूनच्या एका हॉलमध्ये होती. परीक्षक होत्या पुण्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, मुलीकडे राहायला आलेल्या. आमचा गडी झब्बा घालून उभा राहिला आणि बोलायला लागला. पहिल्या रांगेत मी बसलो होतो आणि माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. हात जिथे हलायचा तिथे हलला. "आई" म्हणताना तो थांबला, अगदी हवा तेवढाच. हॉल हसला, मग टाळ्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आमचं गाव सेरंगूनमध्ये गाजलं होतं.

परीक्षक बाई प्रत्येक मुलाला जवळ बोलावून एखादा प्रश्न विचारत. याला विचारलं, "छान सांगितलंस बाळा. गाव कोणतं तुमचं?"

उत्तर पाठ होतं. मी निर्धास्त होतो.

"बुकित बातोक," तो म्हणाला.

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. "अरे, तिथे तर तू राहतोस. गाव कोणतं?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि माझ्या गावाचं नाव तोंडाने, आवाज न करता, त्याला दाखवलं. त्याने ते पाहिलं. मला नीट आठवतंय, त्याने ते पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"ते बाबांचं गाव आहे," तो म्हणाला, सावकाश, प्रत्येक शब्द शोधत. "गोष्टीत काय सांगितलंय, गाव म्हणजे जिथे आपण काही चोरून केलं, तर आपल्या आधी ते घरी कळतं. मी खोकला असताना बर्फाची बार्ली प्यायलो. ड्रिंक्स आंटीने आईला सांगितलं. मी वर गेलो तर आई दारात होती." मग जरा थांबून, मी बसवून न घेतलेला हात करत तो म्हणाला, "म्हणून माझं गाव बुकित बातोक."

आधी मला झोंबलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच झोंबलं. इतकी वर्षं मे महिन्यात तिकिटं काढून ज्याला गाव दाखवलं, त्याने भर सभेत ते मला परत केलं. पण खुर्चीत बसता बसता लक्षात आलं की सगळ्या हॉलमध्ये ती गोष्ट त्या एकट्यालाच कळली होती. मी तिचं भाषांतर करून एस.टी. स्टँडसकट सगळं घातलं, आणि त्याने तिचा अर्थ काढला. याला गाव नाही म्हणून मी झुरत होतो, आणि हा पठ्ठ्या कधीपासून गावात राहत होता. त्या दिवशी मला माझ्या पोराचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आमच्या गावाचासुद्धा कधी वाटला नव्हता.

बक्षीस मिळालं उत्तेजनार्थ. एरवी मी त्यावरून कुणाशी तरी वाद घातला असता. बायकोने माझ्याकडे दोनदा पाहिलं, मी टाळ्या वाजवत होतो. परतताना एमआरटीत तिने मला हळूच कोपराने ढोसलं. "काय रे, संपलं का गाव?"

"सुरू झालं," मी म्हणालो.

बुकित बातोकला उतरून आम्ही कॉफीशॉपमध्ये टेकलो. आज पोराला हवं ते मिळायला हवं होतं. खोकला जवळजवळ गेला होता, आणि आईने डोळ्यांनीच परवानगी दिली होती. मी गाळ्यावर गेलो आणि ऐटीत म्हणालो, "आंटी, वन बार्ली. विथ आइस."

आंटीने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. झब्ब्यातला मुलगा टेबलाशी बसून पाय हलवत होता.

"फॉर यू ऑर फॉर बॉय?"

"बॉय," मी म्हणालो.

"कफ फिनिश ऑलरेडी?"

"ऑलमोस्ट," मी म्हणालो.

तिने बर्फाचा डबा झाकला, पेल्यात गरम बार्ली ओतली आणि माझ्यासमोर ठेवली. मी बँकेतला मॅनेजर, चाळिशी गाठलेला माणूस. निमूट पैसे दिले, पेला उचलला आणि तो पोरापुढे नेऊन ठेवला. त्याने वाफेकडे पाहिलं, आंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सी?" तो म्हणाला.