टोकियोच्या पुढे वहिनी कुठून जाणार?

सगळं नीट आठवतंय का, याची मला खात्री नाही. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात किस्से असे साठायचे, की एकाचं शेपूट दुसऱ्याला चिकटायचं. साल ऐंशीच्या पुढचं, एवढं नक्की. संताप मात्र अजून ताजा आहे!

आमचे चीफ ड्राफ्ट्समन दातार. त्यांचा नियम एकच. ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घ्यायचं नाही, लिहिलेलं डायमेन्शन वाचायचं. कुणी पट्टी काढली की ओरडायचे, "कागद आक्रसतो, आकडा आक्रसत नाही!"

*

दातारांची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला, पहिलटकरीण. बाळंतपणाला दातारवहिनी एकट्या जाणार, टोकियोला विमान बदलून. दातारांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला पट्टी लावली. हो, त्याच दातारांनी!

टोकियो उजव्या कडेला, सॅन फ्रान्सिस्को डाव्या. पट्टी पुरेना.

"म्हणजे जपानपर्यंत नेऊन परत आपल्याच डोक्यावरून आणणार? शुद्ध फसवणूक! मी नाही पाठवणार हिला."

माजिवड्याचा पाटील बोर्डावरची मान न उचलता म्हणाला, "मग जपानला कशाला धाडता? वहिनींना आमच्या नाक्यावर उभ्या करा. विमान परत आलं की हात दाखवतील!"

*

मी डॉक्टरेट केलेला माणूस. नकाशा उतरवला, गुंडाळून नळी केली, कडा जुळवल्या. "बघा, जपानच्या पुढेच अमेरिका."

दातारांनी बोट फिरवलं. "मध्ये सगळं पाणीच?"

"पॅसिफिक आहे."

"आणि उतरायला जागा?"

मी नळी फिरवून बेट शोधू लागलो.

"यांना पीएचडी दिली कोणी!"

*

रविवारी माझ्या मुलीचा पृथ्वीगोल घेऊन डोंबिवलीला दातारांच्या घरी गेलो. वहिनींच्या शिवणातला दोरा टोकियोपासून ताणला. तो आपोआप वर, अलास्काच्या बेटांकडे सरकला.

"खरी वाट ही," मी म्हणालो.

दातार भडकलेच. "आधी समुद्रात, आता बर्फात! माझ्या बायकोला नेताय तरी कुठे?"

दोरा घसरला तर नसेल, अशी शंका मलाच आली.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "दोरा द्या इकडे, दुपटी शिवायचीत. पोरगी तिकडे दिवस मोजतेय, आणि तुम्ही पृथ्वी मोजत बसा!"

आणि त्या अमेरिकेला गेल्याही.

*

त्या परत आल्यावर मी घाईघाईने विचारलं, "वहिनी, खाली बेटं दिसली का हो?"

"शेजारणीचं तान्हं रडत होतं. माझा सगळा पॅसिफिक त्याला थोपटण्यात गेला."

एवढ्या लांब जाऊन खिडकीबाहेर बघितलं नाही! पाटील म्हणाला, "साहेब, तुमचा दोरा अजून हवेतच!"

*

बऱ्याच वर्षांनी मी स्वतः त्याच वाटेने गेलो. विमानातल्या पडद्यावर आमची रेषा वर वाकलेली! उतरल्या उतरल्या दातारांना फोन लावला.

"रेषेचं सांगू नका," रिटायर झालेले दातार म्हणाले. "अंतर लिहिलं होतं का?"

लिहिलं होतं. मी सांगितलं. टोकियोच्या पुढचा टप्पा मुंबई-टोकियोपेक्षाही मोठा निघाला होता.

दातार कडाडले,

"एवढं लांब? आणि तुम्ही तिला एकटीला जाऊ दिलंत!"