दहादहाने हलणारा काटा

भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला एक लोखंडी पाट. बारा चाकांचा ट्रक त्यावर चढला की पाट आधी कण्हतो, मग गप्प होतो, आणि शेजारच्या खोलीत लाल आकडे पेटतात. त्या खोलीत बावीस वर्षं एक माणूस बसत होता. सगळे त्याला काटेवाले म्हणत. खोली एवढीशी होती. एक टेबल, एक पंखा, एक सरकती खिडकी, आणि उरलेल्या सगळ्या जागेत काटेवाले.

त्याचं काम आकडा वाचून चिठ्ठी देण्याचं. गाडीत काय भरलंय हे त्याने कधी मान उंचावून पाहिलं नाही. वाळू असो, खत असो, भंगार असो, त्याच्या लेखी सारखंच. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की त्याचं जग संपायचं. काही माणसांना डोळे असतात ते चष्मा लावण्यापुरते. हा त्यांतलाच.

त्याचा बाप हमाल होता. मुलगा ज्या पोत्यांचे आकडे वाचायचा, ती पोती बापाने पस्तीस वर्षं पाठीवर वाहिली. दोन वर्षांपूर्वी म्हातारा जिन्यावरून पडला, खुबा मोडला, आणि जुळला तो वाकडाच. तेव्हापासून पायावर उभं राहणं संपलं. राहिली एक खिडकी. घराच्या पुढच्या खोलीतली ती खिडकी रस्त्याकडे उघडायची, आणि रस्त्यापलीकडे माल उतरवायची शेड होती. रोज सकाळी सातला मुलगा त्याला पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवी. मग म्हातारा दिवसभर नव्या हमालांना शिव्या घाली, त्यांचे पाय कुठे चुकतात ते ओरडून सांगे. त्या खुर्चीवरून उठवला असता तर तो आठ दिवसांत गेला असता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

उचलणं मुलाला जड नव्हतं. स्वतःचे एकशे अठरा किलो दिवसभर वागवणाऱ्या माणसाचे पाय खांबासारखे असतात. एका दमात उचलायचा, एका दमात ठेवायचा. बेचाळीस वर्षांच्या त्याच्या आयुष्यात नाव घेण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती, आणि तिची त्याला किंमत नव्हती.

किंमत होती ती लोकांच्या तोंडाची. एका दुपारी काट्यावर गाडी उभी करून एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, ‘काटेवाले, जरा लांब जाऊन बसा हो, तुमच्यामुळे रिकामी गाडी भरलेली दिसतेय!’ मागच्या चार गाड्या हसल्या. हाही हसला. हसला नसता तर थोडी इज्जत उरली असती. गाड्या गेल्यावर हा शहाणा इकडेतिकडे बघून स्वतः पाटावर चढला आणि काचेतून आकडा वाचला. एकशे वीस.

त्या दिवसापासून जेवण बंद. डॉक्टरला विचारणं कमीपणाचं वाटलं. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी वाटीभर पाणचट सूप. बावीस वर्षं वजनं केलेला माणूस, त्याला कोण शिकवणार? दोन आठवडे आकडा हलला नाही. ट्रकचा काटा तो, दहादहा किलोंनीच हलणार. पण आकडा हलत नाही म्हटल्यावर याने सूपही सोडलं. मग एके दिवशी एकशे दहा पेटले आणि त्याचा ऊर भरून आला. पुढे शंभर. पाचव्या महिन्यात नव्वद. जो येईल त्याला तो आकडा सांगू लागला, आणि ज्यांना स्वतःच्या पोटासाठी काही करायचं नव्हतं ते सगळे म्हणू लागले, ‘वा काटेवाले! अर्धे राहिलात!’ अशी स्तुती करायला काही लागत नाही. अंगात त्राण नसल्याने तो आता खोलीतून बाहेर पडत नव्हता, चिठ्ठीसुद्धा बसल्या जागेवरून हात लांबवून देत होता, हे त्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आलं ते बापाच्या.

‘तुझ्या मांड्या कुठे गेल्या रे?’

‘चरबी गेली, अण्णा.’

‘चरबीला मी ओळखतो. ती तुझ्या आईने वाढवलेली, पोटावर आहे अजून. मी मांड्यांचं विचारतोय.’

‘तुम्हाला नाही कळायचं त्यातलं.’

दुसऱ्या दिवसापासून उचलताना म्हातारा मुलाच्या गळ्याला जास्त घट्ट धरू लागला.

आणि एका सकाळी ते झालं. पलंगापासून खुर्चीपर्यंत चार पावलं. दुसऱ्या पावलाला काटेवाल्यांचे गुडघे थरथरले, तिसऱ्याला खाली बसले, आणि बापलेक दोघे फरशीवर. म्हाताऱ्याचं कोपर फुटलं. मुलाने पुन्हा उचलायला हात घातले, जमेना. स्वतःलाही पलंगाचा पाय धरून उठावं लागलं. शेवटी शेजारचा सुतार आला, त्याने म्हाताऱ्याला उचललं. फरशीवरून वर जाता जाता म्हातारा एवढंच म्हणाला, ‘पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक पोतं फुटलं नाही.’

मोठी बहीण दुसऱ्याच दिवशी हजर झाली. तिचं घर दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावर, आणि खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी.

‘अण्णांना मी नेते.’

‘ताई, एकदाच झालं गं. वजन बघ माझं, नव्वद...’

‘चुलीत घाल तुझं नव्वद! पाडलंस ना त्यांना?’

म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘भिंत बघत मरायचं असेल तर इथलीच बरी आहे.’ बहिणीने खिडकीतून पलीकडच्या शेडकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘बारा आठवडे. तोवर सकाळी सुतारदादा येतील, मी त्यांच्याशी बोलले. पण ते काय आयुष्यभर येणार नाहीत. बाराव्या रविवारी मी गाडी घेऊन येईन. एकट्याने उचलून खुर्चीत ठेवलंस तर ठीक. नाहीतर अण्णा माझ्याकडे.’

कोपराचे टाके काढायला गेले तेव्हा दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई भेटल्या. काडीसारख्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी काटेवाल्यांना एका साध्या खुर्चीत बसवलं. ‘हात छातीशी. हात न टेकवता उठा, बसा. अर्धा मिनिट.’ सहा वेळा झालं. सातव्याला तो उठलाच नाही.

‘तीस किलो उतरवलेत मी,’ तो धापा टाकत म्हणाला.

‘कशाचे?’

बावीस वर्षांत हा प्रश्न त्याने एकाही गाडीला विचारला नव्हता.

बाई म्हणाल्या, ‘उपाशी राहिलात, हललाही नाहीत. मग शरीर नुसती चरबी काढत नाही, स्नायूही काढतं. गाडी हलकी करायची म्हणून तुम्ही मालाबरोबर इंजिनही उतरवून ठेवलंत.’ डॉक्टरांकडून रक्त तपासून घेऊन त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत. अंडी, दही, कडधान्यं, मासे, काहीही, पण तिन्ही वेळा वाटून, रात्री एकदम नाही. आठवड्यात तीन दिवस स्नायूंना ओझं द्यायचं, आधी खुर्चीतून उठबस, मग पायरी, मग वाळूची पिशवी, दर आठवड्याला थोडी जड. रोज चालायचं. वजन पुढे उतरेल, पण सावकाश. ‘आणि त्या काट्यावर चढू नका,’ बाईंनी बजावलं.

तो चढला. न चढता तर काटेवाले कसले? पाच आठवडे तोंड वाकडं करत त्याने अंडी खाल्ली, खोलीच्या पायरीवर वरखाली केलं, वाळूची पिशवी उराशी धरून खुर्चीतून उठला. सुतार हसायचा, ‘पिशवीशी लग्न ठरलंय वाटतं!’ अर्ध्या मिनिटात नऊ वेळा उठणं होऊ लागलं. पण नऊ हा काही लाल आकडा नव्हता. सहाव्या आठवड्यात तो पाटावर उभा राहिला, आणि काचेत पेटले शंभर.

तो घरी आला तो सगळं हरलेल्या माणसासारखा. काकडी परत आली. चार दिवस हे चोरून चाललं. बापासमोर ताट वाढून घ्यायचं, आणि अंडी मागच्या दारी कुत्र्याला.

चौथ्या दिवशी म्हातारा खिडकीतून न वळता म्हणाला, ‘कुत्र्याची तब्येत सुधारलीय. त्यालाच सांगू का बाराव्या रविवारी मला उचलायला?’

‘दहा किलो वाढलोय, अण्णा! पाच आठवड्यांत दहा! बाईंनी फसवलं मला.’

‘तुझा काटा किती किलोंनी हलतो?’

‘दहा.’

‘चौऱ्याण्णवला काय दाखवतो?’

‘नव्वद.’

‘आणि शहाण्णवला?’

‘शंभर,’ काटेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. रोज शंभर ड्रायव्हरांना तो हेच ओरडून सांगायचा, की बाबांनो, पाचच्या अलीकडे खाली जातो नि पलीकडे वर, माझ्याशी भांडू नका. स्वतः पाटावर उभं राहिल्यावर तेवढी अक्कलही खोलीत विसरून आला होता. दोन किलोंसाठी हा माणूस बापाची खिडकी विकायला निघाला होता.

‘आणि माझं वजन किती?’ म्हाताऱ्याने विचारलं.

‘तुमचं... ते कधी केलं नाही.’

‘दोन वर्षं रोज उचललंस. आकडा नव्हता तेव्हा जमत होतं.’

त्यानंतर त्याने खाल्लं. हूं की चूं न करता खाल्लं, तेही कोणाला सांगता यावं म्हणून नव्हे, तर दारात बसून बघणाऱ्या कुत्र्याची लाज वाटायची म्हणून. पायरी झाली, चालणं झालं, पिशवीत आणखी वाळू पडली. बाईंनी उचलायची रीत शिकवली. पाय रुंद, ओझं छातीशी, पाठ सरळ, जोर मांड्यांतून. ती ऐकून म्हातारा फिस्कन हसला. ‘हे मी तुला सातव्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालास, मी खुर्चीत बसायची नोकरी करणार.’

बाराव्या रविवारी बहीण आली. गाडी दारात, ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलेलं. म्हाताऱ्याचे कपडे पिशवीत भरलेले. सुतार दाराशी उभा, पण हात मागे बांधून. म्हाताऱ्याने कोणाकडे पाहिलं नाही, फक्त पलंगाची कड बोटांनी घट्ट धरली होती.

काटेवाले वाकले. पाठ नाही, गुडघे वाकवले. म्हातारा छातीशी आला. एक पाऊल. दोन. तिसऱ्याला मांड्या थरथरल्या आणि बहिणीने तोंडावर हात ठेवला. तो थांबला, श्वास सोडला, पाय थोडे रुंद केले. चौथं पाऊल. खुर्ची करकरली.

बहीण बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाली, ‘बंद करा इंजिन. चहा घेऊन जा.’

जे काम बापाने दिवसाला दोनशे वेळा केलं, ते मुलाने एकदा केलं, आणि घामाघूम होऊन खोलीच्या मध्ये उभा राहिला, कोणी काही म्हणेल म्हणून. म्हातारा आधीच खिडकीबाहेर वाकून शेडमधल्या पोरांवर ओरडत होता, ‘अरे गुडघे वाकव, गुडघे! पाठ काय बापाची आहे?’

मग मागे न वळता त्याने हात हलवला.

‘खुर्ची थोडी डावीकडे घे. आणि उद्या सातला. उशीर नको.’