दलदलीच्या शाईतले पक्षी

वसुधा गेल्याचा मिलिंदचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी ॲडम्सटाउन स्टेशनवर ट्रेनची वाट पाहत होते. "गेली गं," एवढंच तो म्हणाला. महिना उलटला, तरी मला रडण्यापेक्षा तिच्याशी भांडावंसंच वाटतं... कुणाचंच न ऐकणारी बाई आजारापुढे अशी कशी नमली? मग आठवतं, नमली कुठे!

आम्ही नागपूरच्या शाळेतल्या मैत्रिणी. मी नोकरीसाठी आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ आले, ती २०१४मध्ये दूर उत्तरेला लेटरकेनीला, भूलतज्ज्ञ म्हणून. तिथे गावाबाहेरच्या दलदलीत फिरताना तिला शॉन नावाचा म्हातारा शेतकरी भेटला. लांब वाकड्या चोचीच्या एका पक्ष्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "हा कर्लू. माझ्या लहानपणी यांच्या ओरडण्याने झोप लागत नसे. आता इथे यांची एकच जोडी उरलीय." तेव्हापासून ड्यूटी नसली की वसुधा दलदलीत. चित्रकलेत जेमतेम पास होणारी ही बाई तिथलाच काळा चिखल वाळवून, वाटून, डिंकात कालवून शाई करायची आणि कर्लू काढायची, खऱ्याएवढे मोठे. पहिले तर चक्क बदकासारखे दिसायचे. मी हसले, तर म्हणाली, "हस. पण तो संपायच्या आत मला जमलं पाहिजे."

२०१७मध्ये गावातल्या हॉलमध्ये तिचं प्रदर्शन ठरलं. त्याच सुमारास दलदलीत चर खणून पाणी काढून टाकायचं घाटत होतं. चर खणल्यावर ओसाड होणाऱ्या दलदलीचं एक चित्र तिने मधोमध लावलं. आयोजक बाई गोड हसून म्हणाल्या, "पक्षी सुंदर आहेत. तेवढं एक काढलंत तर बरं, उगाच वाद नको." वसुधाने शांतपणे सगळीच चित्रं उतरवली आणि रविवारी दलदलीच्या रस्त्यालगतच्या तारेच्या कुंपणाला कपड्यांचे चिमटे लावून टांगली. गाड्या थांबू लागल्या. एकाने काच खाली करून विचारलं, "तुम्ही बाहेरच्या. आमच्या दलदलीचं तुम्हाला काय पडलंय?"

"ऑपरेशनच्या टेबलावर तुमच्या माणसांना भूल देते, तेव्हा मी बाहेरची नसते," वसुधा म्हणाली. "मग इथे कशी?"

तो गाडीतून उतरला... आणि एकेक चित्र बघत गेला. दुपारी पाऊस आला, शाई ओघळू लागली. मदतीला आलेली मी चित्रं उतरवायला धावले, तर तिने माझा हात धरला. "राहू दे. कसे पुसले जातात, ते दिसू दे त्यांना."

खणायचं यंत्र शॉनच्या शेतातून जाणार होतं. त्याने फाटकाला कुलूप घातलं. त्या बाजूची दलदल वाचली, पलीकडची नाही. पुढच्या वसंतात त्या जोडीने घरटं केलं, पण अंडी कोल्ह्याने नेली. तोवर वसुधाची केमो सुरू झाली होती. तिने त्या रिकाम्या घरट्याचं चित्र काढलं. "पुढच्या वर्षी पुन्हा घालतील," ती म्हणाली, जणू तिनेच त्यांना बजावलं होतं. त्यांनी घातली. तिच्या अंत्यसंस्काराला शॉन टोपी हातात धरून आला आणि मिलिंदला म्हणाला, "एक पिल्लू उडालं. डॉक्टरांना सांगायला उशीर झाला मला..."

मागच्या आठवड्यात मी लेटरकेनीला गेले. स्वयंपाकघरातल्या कपाटात तिच्या चिखलाच्या बरण्या तशाच रांगेत आहेत, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. तिच्या मुलीला, आर्याला, मराठी समजतं, वाचता येत नाही. शेवटची बरणी पुढे करत तिने विचारलं, "व्हॉट डज धिस वन से, मावशी?"

"हात लावू नका," मी वाचलं.

"टिपिकल आई," म्हणत तिने झाकण उघडलं आणि बोट थेट चिखलात बुडवलं.