इर्जिकीच्या दिवशी मी उसात लपले

शहागडच्या फाट्यावर बाबांनी मला यष्टीत बसवलं तेव्हा मी नववीत होते. पुण्याला निघाले होते, बांधकामावर राबणाऱ्या मावशीकडं. खिडकीशी येऊन बाबा हळूच म्हणाले, "तिथं कुणी गाव इचारलं तर नुसतं जालना म्हण." एवढा धिप्पाड माणूस, आमच्या भिल्ल वस्तीचा नाईक, पण बोलताना चारदा मागं बघत होता.

वस्तीतल्या बायांनो, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या पोरांसाठी सांगते. गायरानातले दगड वेचून आपण ज्वारी पेरल्ती. गावाची गुरं चरायची तीच जागा. ज्वारी पोटरीला आली अन् एका सकाळी गावचे बापूराव पाटील पंधरा-वीस गडी घेऊन आले, बैलं पिकात घातली, दोन झोपड्या मोडल्या. आई मला ओढत नदीकडं पळाली. त्यानंतरच बाबांनी मला पुण्याला धाडलं.

पुण्यात मी शिकले, नर्स झाले, ब्लॉक घेतला. भीती मात्र सुटली नाही. वॉर्डाच्या दारात चार पुरुष एकदम आले की मी आधी मागचं दार बघायची. पेशंटला दटावणारी सिस्टर आतून अशी भित्री, कुणाला सांगायची सोय नाही!

इकडं बाबांनी निराळंच धरलं. आपण पुन्हा पेरलेल्या गायरानातली ओढ्याकाठची पट्टी गुरांसाठी मोकळी सोडली अन् गावात जाऊन सांगितलं, गुरंही जगतील, आम्हीही जगू. आपलेच लोक त्यांना घाबरट म्हणाले. कैक वर्षं बैठका झाल्या, मोडल्या. शेवटी गाव म्हणालं, यंदा तुमच्या रानात इर्जिक करू. म्हणजे गावानं आपापले बैल-नांगर आणून एका दिवसात रान नांगरून द्यायचं अन् रानवाल्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. बाबांनी मला फोन करून बोलावलं. मला तर हा डाव वाटला. मी विचारलं, आपल्या हातचं खातील तरी का?

"न्हाई खाल्लं, तर काईच मिटलं न्हाई म्हणायचं," बाबा म्हणाले.

तरी मी रातच्या यष्टीनं गेले. सकाळी घुंगरं ऐकू आली. ओळीनं बैल, माणसं, अन् सगळ्यात पुढं बापूराव. मला काय झालं कोण जाणे, वहिनीची दोन्ही पोरं बखोटीला धरली अन् अनवाणी शेजारच्या उसात शिरले. पोरांची तोंडं दाबून बसले. बाबांच्या हाका ऐकून बाहेर आले तर सगळे नांगर थांबलेले, सगळे माझ्याकडं बघताहेत. शरमेनं मेले. बाबांनी इतक्या वर्षांत जमवलेलं मी मातीत घातलं असं वाटलं.

नांगर पुन्हा चालू झाले. रान नांगरून झालं, दुपारी पंगत बसली. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. मी वाढत होते. बापूरावांच्या ताटाशी आले अन् वरण ताटाबाहेर सांडलं. म्हातारं झालेलं माणूस; त्यांनी भाकरी मोडली, घास चावून गिळला अन् मग म्हणाले, "पोरी, तू पळालीस ते बराबर केलंस. त्या टायमाला आम्ही असेच आल्तो."

मग त्यांनी अजून वरण मागितलं.

पुण्यातली आपली पोरं मला विचारतात, तुझं घर कोणतं गं? जिथं माझी भीती खरी होती असं एका माणसानं चारचौघांत कबूल केलं, ते. दर पेरणीला जाते. मुक्कामाची हिंमत मात्र अजून होत नाही.