नेट नसलेला कॉम्प्युटर

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कुणाचंही रेकॉर्डिंग घेत नाही. चहा झाला की मागच्या खोलीत जातो, बाहेरची हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवतो आणि मग कॉम्प्युटरला नेट जोडून अपडेट्स लावतो. पडद्यावर टक्केवारी सरकत असते आणि मी खुर्चीत बसून ती बघत असतो. बायको म्हणते, "तो काय पळून जाणार आहे का? नाश्ता तरी करून घ्या." पण सगळं संपून कॉम्प्युटर पुन्हा नीट सुरू होईपर्यंत मी उठत नाही.

मागची खोली म्हणजे गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या आमच्या फ्लॅटची बेडरूम. भिंतींना फोम लावलाय, खिडकीवर जुनी रजई टांगलीय. सरकारी कचेरीतली कारकुनी सांभाळून मी तिथे वीसेक वर्षं लोकांची गाणी रेकॉर्ड करतोय. भजनी मंडळं येतात, वाढदिवसाची गाणी करून घेणारे येतात, जयंतीच्या आधी तर पोरांची रांग लागते. मोठा स्टुडिओ परवडत नाही अशी सगळी माणसं माझ्याकडे येतात आणि मला त्याचा अभिमान आहे.

पूर्वी मी अपडेट लावणाऱ्यांना हसायचो. माझ्या मॉनिटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती, 'नेट लावू नये. अपडेट करू नये.' त्यालाही कारण होतं. एकदा ऐन जयंतीच्या आठवड्यात कॉम्प्युटर स्वतःहून अपडेट होऊन बसला आणि त्यानंतर साउंड कार्ड ओळखेना. बारा जणांचं गायनपथक बाहेर सतरंजीवर ताटकळत बसलं होतं आणि मी घामाघूम होऊन ड्रायव्हर शोधत होतो. त्या दिवशी माझी जी शोभा झाली, तिची धास्ती घेऊन मी नेटची वायरच काढली, गुंडाळली आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली. अँटीव्हायरसही बंद करून टाकला, कारण रेकॉर्डिंग चालू असताना तो मध्येच डिस्क तपासायला लागला की आवाजात टिकटिक यायची. आमच्या धंद्यातले बहुतेक जण असंच करतात. मशीन चालतंय ना, मग हात लावायचा नाही.

माझी पुतणी एका कारखान्यात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळते. ती आली की चिठ्ठी वाचून कपाळावर हात मारायची.

"काका, नेट नाही म्हणजे सेफ आहे असं नसतं."

"अगं, वायरच नाही तर येणार कुठून?"

"तुमच्याकडे रोज दहा लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात, तिथून."

मी तिला म्हणायचो, तुझ्या कारखान्यात मशीन बिघडलं तर पगार थांबत नाही, माझ्याकडे माणसं बाहेर बसलेली असतात. तिला गप्प केल्याचं मला तेव्हा समाधान वाटायचं. आता ते आठवलं की लाज वाटते.

ही पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. दादा गायचा. आमच्या कॉलनीतल्या विहारात, जयंतीला, वर्षावासात, कुणी वारलं की त्याच्या घरी पुण्यानुमोदनाला, चाळीस वर्षं तो गायला. स्वतः गाणी लिहायचा, चालीही स्वतःच्या. एक गाणं आईवर होतं, ती वीटभट्टीवरून आल्यावर आधी हात धुवायची आणि मग आमच्या तोंडावरून फिरवायची, त्यावर. बाहेरगावी कार्यक्रम असला की मी मिक्सरवर बसायचो. त्याची माझ्याबद्दल आयुष्यभर एकच तक्रार होती, की मी त्याचा आवाज कमी ठेवतो. गाता गाताच तो माझ्याकडे बघून उजव्या हाताचं बोट वर करायचा, म्हणजे वाढव. मी वाढवायचो. थोड्या वेळाने पुन्हा बोट वर. हरसूलच्या एका कार्यक्रमात त्याने इतक्या वेळा बोट वर केलं की पुढे बसलेली म्हातारी माणसंही बोटं वर करून हसायला लागली.

इतक्या वर्षांत त्याचं एकही गाणं मी नीट रेकॉर्ड केलं नव्हतं. घरचंच तर आहे, कधीही करू. बाहेरचं गिऱ्हाईक आलं की त्याला वेळ द्यायचा आणि दादाला म्हणायचं, पुढच्या महिन्यात. तोही हो म्हणायचा.

मग त्याचा घसा बसला तो सुटेना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. दवाखान्यातून येताना रिक्षात दादा एवढंच म्हणाला, "गाणी करून घेऊ." मी कचेरीत रजा टाकली.

रोज सकाळी तो यायचा. गरम पाण्याच्या गुळण्या केल्यावर तासभर आवाज चालायचा, त्यानंतर फाटायचा. त्या तासातच काय ते घ्यायचं. आवाज पूर्वीचा नव्हता, वरच्या पट्टीत खरखर यायची, पण तो गात होता तसं मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं. आईचं गाणं झालं तेव्हा मी हेडफोन काढून ठेवले आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं नाही. अशी नऊ गाणी झाली.

पहिलं गाणं झालं त्या दिवशी मी घाईघाईत त्याची एक कच्ची प्रत बनवून गाडीच्या पेनड्राइव्हवर टाकली. आमच्यात ही पद्धतच आहे. खोलीतल्या चांगल्या स्पीकरवर सगळंच बरं वाटतं, म्हणून गाणं गाडीत लावून ऐकायचं, चूक लगेच कळते. असलं गाणं कुणी जपून ठेवत नाही, ऐकायचं आणि विसरायचं. दादा शेजारच्या सीटवर बसला होता. ढोलकी मोठी झाली होती, त्याचा आवाज मागे पडला होता. त्याने हसून बोट वर केलं.

"हे कच्चं आहे," मी म्हणालो. "सगळी झाली की नंतर वाढवतो."

ऑपरेशन झालं. दादा दवाखान्यात असताना विंचूरकडच्या एका वाद्यवृंदाचा कीबोर्डवाला आला. त्याला लग्नातल्या कार्यक्रमासाठी दोन ट्रॅक हवे होते. त्याचा पेनड्राइव्ह मी लावला, ट्रॅक दिले, तो गेला. त्या बिचाऱ्याला दोष नाही, त्याच्याही मशीनवर तो व्हायरस कुणाकडून तरी आला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचं गाणं मिक्स करायला बसलो तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावापुढे कसलीतरी अक्षरं चिकटली होती आणि पडद्यावर इंग्रजीत पैशाची मागणी करणारी चिठ्ठी होती.

माझ्याकडे दुसरी प्रत होती. बाहेरच्या हार्ड डिस्कवर मी सगळं रोज उतरवून ठेवायचो आणि त्याबद्दल लोकांना व्याख्यानही द्यायचो. पण ढोलकी, ढोलक, हार्मोनियमचे सगळे तयार आवाज त्याच डिस्कवर होते, त्यामुळे ती कॉम्प्युटरला कायम जोडलेली असायची. तिथेही तीच अक्षरं होती.

पुतणी दवाखान्यातून तडक आली. तिने आधी वीज बंद केली, दोन्ही डिस्क काढल्या, पिशवीत घातल्या. "काका, ज्या भोकातून हे आत आलंय ना, त्याचं ठिगळ तीन वर्षांपूर्वीच अपडेटमध्ये आलंय," ती म्हणाली. माझी चिठ्ठी मॉनिटरवर तशीच होती. तिने ती वाचली आणि पिशवीला गाठ मारली. चिडली असती तर बरं झालं असतं.

महिनाभर तिने ओळखीच्या सगळ्या जाणकारांकडे डिस्क फिरवल्या. पैसे द्यायचे नाहीत, देऊनही काही परत मिळेलच असं नाही, असं तिने बजावलं होतं. तरी मी तिच्या नकळत पडद्यावरच्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर लिहिलं. काय मागाल ते देतो, माझ्या भावाचा आवाज आहे, असं लिहिलं. कुणाचंही उत्तर आलं नाही.

दादा घरी आला तेव्हा गळ्याला छिद्र होतं आणि हातात वही. घरी आल्यावर माझ्यासाठी पहिली ओळ त्याने लिहिली, 'गाणी कुठवर आली?'

मी म्हणालो, "मिक्सिंग चालू आहे."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. कधी म्हणालो ढोलकी नीट बसत नाहीये, कधी म्हणालो कचेरीत ऑडिट आहे. खोटं बोलायला मला काही जड गेलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो मान डोलवायचा आणि वही मिटायचा. वहिनीला काही माहीत नव्हतं. पुतणीला सगळं माहीत होतं, आणि दोन महिने झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

त्याच सुमारास एका कार्यक्रमाचं साउंड बघायला मी हरसूलला गेलो होतो. परत येताना घाटात रेडिओ लागेना म्हणून पेनड्राइव्हचं बटण दाबलं. तीन-चार जुनी गाणी झाली आणि मग ढोलकीमागून दादाचा आवाज आला. आईचं गाणं. आम्ही पहिल्याच दिवशी तेच केलं होतं आणि त्याची कच्ची प्रत गाडीतच राहिली होती, हे मी विसरून गेलो होतो. गाडी बाजूला घेतली आणि ते संपेपर्यंत तिथेच बसलो. मग पेनड्राइव्ह काढायचीही भीती वाटायला लागली, म्हणून तसाच थेट पुतणीकडे गेलो. तिने तो आपल्या लॅपटॉपवर आधी तपासला, चार प्रती केल्या, आणि मग तोंड धुवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाकडे गेलो. बसलोही नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वायर, चिठ्ठी, अँटीव्हायरस, कायम जोडलेली डिस्क, दोन महिन्यांचं खोटं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादाने वही ओढली.

'सगळी?'

"एक आहे. आईचं. पण कच्चं आहे, गाडीतलं."

 तो वही मिटून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. वहिनीने माझ्यापुढे चहा ठेवला, तो तसाच राहिला. मला वाटलं, आता हा माझं तोंड बघणार नाही आणि ते बरोबरच आहे. तेवढ्यात दार उघडलं. त्याने शर्ट बदलला होता, गळ्याला स्वच्छ रुमाल बांधला होता. चपला घालून तो जिना उतरला आणि गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

आम्ही गाडी कुठे नेली नाही. काचा वर करून तिथेच बसलो, तो त्याच्या नेहमीच्या सीटवर. मी गाणं लावलं. ढोलकी सुरू झाली, मग त्याचा आवाज, मागे, तसाच. त्याने डोळे मिटले होते आणि ओठ शब्दांबरोबर हलत होते. आई हात धुते त्या कडव्याला त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि बोट वर केलं.

तो आवाज आता ढोलकीपासून वेगळा निघत नाही, हे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं त्याने माझ्याबरोबर काम केलं होतं. मी आवाज वाढवला. ढोलकीही वाढली. त्याने पुन्हा बोट वर केलं. मी आणखी वाढवला. काचा थरथरायला लागल्या, बटण शेवटाला जाऊन टेकलं, आणि त्याचं बोट अजून वरच होतं.