तारीख नसलेले गाऱ्हाणे

काकूंचा देवाशी सारा व्यवहार तोंडी आणि खणखणीत आवाजात चाले. गीझर बंद पडला, गॅसचा सिलिंडर आला नाही, की त्या देव्हाऱ्यासमोर उभ्या राहून हात जोडत आणि गाऱ्हाणे सुरू करीत, "बा देवा म्हाराजा..." त्यानंतर घरात जो कोणी उपस्थित असेल त्याने प्रत्येक वाक्याअखेरीस "व्हय म्हाराजा" म्हणणे बंधनकारक होते. पार्सल द्यायला आलेल्या माणसाला सहीपूर्वी तीन वेळा ते म्हणावे लागल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

या शेजारच्या काकू मूळच्या कुडाळकडच्या. काका हवाई दलात, म्हणून त्यांचा संसार चंदीगडला. पहिल्या मजल्यावर ते दोघे, तळमजल्यावर घरमालकीण ढिल्लों आंटी आणि गच्चीवरच्या खोलीत मी, अशी आमची रचना होती. मी मूळची पुण्याची. सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत कंत्राटी संशोधक होते. गावी गाऱ्हाणे घालण्याचा मान पुरुष मानकऱ्याचा असतो, असे मी काकूंना एकदा सुचवून पाहिले.

"हंय मानकरी खंय गावतलो?" त्या म्हणाल्या. "तुझे काका ड्युटीवर. देवान काय त्यांच्या सुट्टीची वाट बघूची?"

ढिल्लों आंटी खालून हाक ऐकताच हातातली कामे टाकून जिन्यात येत. अर्थ कळतो का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मतलब मैनूं नहीं पता पुत्तर. पर हाँ तो कहनी है ना जी."

मी तेव्हा दुधातली भेसळ ओळखणारे एक लहानसे यंत्र घडवीत होते. त्याची पहिली घरगुती चाचणी काकूंच्या पातेल्यावर झाली आणि निष्कर्ष पाण्याच्या बाजूने निघाला. दुसऱ्या सकाळी दूधवाला दारात उभा असतानाच काकूंनी गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ह्या दुधवाल्याक बरी बुद्धी दी!" आणि दूधवाल्याने, आंटींचे पाहून, श्रद्धेने कपाळाला हात लावून "व्हय म्हाराजा" म्हटले. दूध त्या आठवड्यात सुधारले. श्रेय यंत्राचे की गाऱ्हाण्याचे, यावर आमचे एकमत कधीच झाले नाही.

माझे आयुष्य मात्र भिंतीवरच्या तक्त्यावर चाले. चार रंग, अर्ध्या तासाचे चौकोन. त्यात लाल रंगाचा एकच गुरुवार होता: त्या दिवशी समितीसमोर यंत्राचे प्रात्यक्षिक द्यायचे होते. ते फसले तर प्रकल्प बंद, आणि प्रकल्पाबरोबर माझे कंत्राटही. सोमवारी मला ताप आला. मंगळवारी आरशात पाहिले, तर गालावर, मानेवर, कानामागे पाणीदार फोड. सत्ताविसाव्या वर्षी मला कांजिण्या झाल्या होत्या. तक्त्यात यासाठी रंगच नव्हता.

आंटींनी "माता आई है", म्हणजे देवी आल्या, असे जाहीर करून दाराला कडुनिंबाची फांदी बांधली. डॉक्टरांनी सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत घराबाहेर पडू नये, असे बजावले. मी हिशेब केला: किमान आठवडा. मग विज्ञानाचे माझे सारे प्रशिक्षण गुंडाळून ठेवून मी काकूंना म्हणाले, "काकू, गाऱ्हाणे घाला. गुरुवारी सकाळी दहा वाजता मला उभी कर, असे स्पष्ट सांगा त्याला."

काकूंना लहानपणीच कांजिण्या होऊन गेल्या होत्या. त्या निर्धास्तपणे माझ्या उशाशी येऊन बसल्या.

"मागणा घालूया गो बाय," त्या म्हणाल्या. "पण देवाक तारीख घालूची नसता. तारखो कोर्टात."

आणि त्यांनी तेथेच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान त्या डब्यापायी दोन वर्सा घातली हत. आता ता तापान पडला हा. कधी, कसा, ता तुझा तुका ठाऊक. पण सांभाळ म्हाराजा!" जिन्यातून आंटींचा "व्हय म्हाराजा" आला. मी खाजवत राहिले. इतकी मोघम मागणी आमच्या प्रयोगशाळेतून दुरुस्तीसाठी परत आली असती.

"आता तुझ्या हातात काय हा?" काकूंनी विचारले.

"फोन."

"मग फोनान होता तितक्या कर. बाकी रवला ता देवाचा."

मी सहकारी हरप्रीतला फोन लावला. प्रात्यक्षिक आता तीच देणार होती, आणि यंत्र चालविण्याची कृती कागदावर कोठेच नव्हती. ती माझ्या बोटांत होती. मी एकेक पायरी सांगू लागले. नमुना घाल, झाकण लाव, मग उजव्या बाजूला हलकी चापट मार.

"चापट?" हरप्रीत म्हणाली. "यार, ये रिपोर्ट में तो कहीं नहीं है."

नव्हतेच. दोन वर्षे मी माझ्या यंत्राला रोज एक चापट मारीत होते आणि ती गोष्ट स्वतःलाही कळू दिली नव्हती. पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला. आत एक जोडणी ढिली होती. हरप्रीतने स्क्रू आवळला. चापटेची पायरी कायमची रद्द झाली. समितीसमोर मी स्वतः असते, तर सवयीने मारलीच असती.

गुरुवारी दहा वाजता मी अंगभर गुलाबी लोशन फासून गादीवर होते. आश्चर्य असे, की मला हसू येत होते. काकू पेज घेऊन बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी मी काही बोलण्याआधीच "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. साडेअकराला हरप्रीतचा फोन आला. प्रकल्पाला मुदतवाढ, फक्त एका वर्षाची. मी तीन मागितली होती. मी थोडी खट्टू झाले.

"बघ," काकू समाधानाने म्हणाल्या, "आपण तारीख घातली नाय, तर त्येनाच घातली."

पुढे काकांची निवृत्ती आली आणि दोघे गावी परतायला निघाले. स्टेशनवर आंटी, हरप्रीत आणि मी पोचवायला गेलो होतो. काका सामान लावत होते आणि काकू खिडकीशी बसल्या होत्या. निघताना गाऱ्हाणे घालायचे म्हटल्यावर त्यांचा आवाज प्रथमच बसलेला निघाला. त्यांनी माझ्याकडे बोट केले. "तू घाल."

मी हात जोडले. प्रमाण भाषेत, व्यवस्थित रचून म्हटले, "बा देवा महाराजा, काकू-काकांना सुखरूप घरी पोचव. आणि येत्या डिसेंबरात काकूंना पुन्हा चंदीगडला..."

"तारीख काढ," खिडकीतून आवाज आला.

"आणि काकूंना पुन्हा चंदीगडला आण."

"व्हय म्हाराजा," आंटी आणि हरप्रीत म्हणाल्या. काकूंच्या शेजारी बसलेले एक अनोळखी सरदारजीही म्हणाले. गाडी हलली. काकूंनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळून विचारले, "आपको कहाँ तक जाना है?"

पुढच्या स्थानकाच्या आत त्यांच्यासाठीही काहीतरी मागितले गेले असणार, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. माझ्या तक्त्यावर आता पाचवा रंग आहे, पांढरा. त्या चौकोनांत मी काही लिहीत नाही.