गंगेच्या पाण्याचा गडू

आज देवघरातला तांब्याचा गडू चिंचेनं घासताना तांब्याचा तो आंबूस वास आला आणि मी एकदम जुन्या वॉर्डात जाऊन उभी राहिले.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका रुग्णालयात नर्स होते. भाताच्या आवणीत, रोपं लावताना, साप चावलेली पेठ तालुक्याकडची एक तरुण बाई आली होती. विषानं सगळं अंग लुळं पडलेलं, पापणीसुद्धा हलत नव्हती. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. घशातल्या नळीला जोडलेली रबरी पिशवी दाबून मी तिला श्वास देत होते. तेवढ्यात तिची आई पंचवटीतून तांब्याच्या गडूत गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी आणि तुळशीचं पान घेऊन आली.

"सिस्टर, पोर गेली माझी. तोंडात गंगा घालू दे."

मी मोकळ्या हातानं तिचा हात धरला. "गेली नाही, मावशी. तिला सगळं ऐकू येतंय. बोला तिच्याशी."

म्हातारीनं गडू खाली ठेवला. लेकीच्या कानाशी वाकून म्हणाली, "सखू, आपली शेळी व्याली गं. दोन पिल्लं हायेत."

मिटलेल्या डोळ्याच्या कडेतून पाणी ओघळलं.

तेव्हा त्या म्हातारीचा मला रागच आला होता. नंतर कळलं, लेक तहानलेली जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पुढे नळी निघाली, सखू गिळायला लागली आणि तिनं पाणी मागितलं. आईनं उशाशी ठेवलेला तोच गडू उचलला. वॉर्डात नियम उकळलेल्या पाण्याचा होता.

या वेळी मी तिचा हात धरला नाही.